सुटीत पोहायला शिकवा

मे महिन्याची सुटी लागली, की पोरे पाण्याकडे धावतात. नुसते रागावून काय होणार? त्यापेक्षा त्यांना पोहायलाच शिकवा. पैसा लागत नाही.

पायऱ्यांची विहीर निवडा. वाळलेला पोकळ भोपळा पोराच्या पाठीला बांधा. आत हवा असते, म्हणून तो तरंगतो. पोराच्या कमरेला दोर बांधून टोक आपल्या हाती धरा. पट्टीचा पोहणारा शेजारी पाण्यात हवाच.

शेततळ्यात मात्र कोणी उतरू नये. तिथला प्लास्टिकचा कागद निसरडा असतो. पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

कोणी बुडत असेल, तर पोरांनी उडी टाकू नये. मोठ्याने ओरडावे. काठावरून दोर फेकावा, नाहीतर बांबू पुढे करावा.

आणि मुलींनाही शिकवा बरं का! पाण्याला, धुण्याला त्याच जास्त जातात.