व्हिप म्हणजे चाबूक, पण तो कोणाच्या हातात?



जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात सत्तानाट्य रंगलं, तेव्हा इथे अमिरातीतही आपल्या घरांतून मराठी वाहिन्या दिवसभर चालू होत्या. सुरत, गुवाहाटी, गोवा हा मुक्कामांचा क्रम सगळ्यांना पाठ झाला. पण 'व्हिप' आणि 'प्रतोद' यांचा घोळ काय होता, हे बऱ्याच जणांना शेवटपर्यंत उलगडलं नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना तर ही कल्पनाच नवी. अमिरातीच्या फेडरल नॅशनल कौन्सिलमध्ये ४० सदस्य असतात. २००६ पासून त्यांतले निम्मे निवडून येतात, निम्मे नेमले जातात. पण देशात राजकीय पक्षच नाहीत, त्यामुळे व्हिपचा प्रश्नच येत नाही.

शब्द आला इंग्लंडमधल्या कोल्ह्याच्या शिकारीतून. शिकारी कुत्री पांगू नयेत म्हणून चाबूक घेऊन फिरणारा माणूस, तो व्हिप. इंग्रजीत माणूस आणि त्याने काढलेला आदेश, दोघांनाही व्हिपच म्हणतात. आपल्या मराठीने मात्र छान वेगळं केलंय: माणूस तो प्रतोद, आदेश तो पक्षादेश. आदेशाचेही प्रकार आहेत. एका ओळीचा म्हणजे नुसती सूचना, दोन ओळींचा म्हणजे हजर राहा, आणि तीन ओळींचा म्हणजे हजर राहा आणि पक्ष सांगेल तसंच मत द्या.

ब्रिटनमध्ये व्हिप मोडला तर पक्ष रागावतो, फार तर पक्षातून काढतो. खासदारकी शाबूत राहते. आपल्याकडे ती जाऊ शकते! १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं, त्यात ही तरतूद आहे. गंमत म्हणजे तिथे 'व्हिप' हा शब्दच नाही, 'राजकीय पक्षाचा निर्देश' असं आहे. तो मोडून मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली, आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्य अपात्र ठरू शकतो. निर्णय देतात अध्यक्ष किंवा सभापती. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मात्र व्हिप चालत नाही.

आता मुख्य भानगड. शिवसेनेचे प्रतोद होते सुनील प्रभू. एकनाथ शिंदे यांच्या गटाने भरत गोगावले यांना प्रतोद नेमलं. ३ जुलै २०२२ रोजी विधानसभा अध्यक्षांची निवड झाली, दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठराव. एकाच पक्षात दोन प्रतोद, दोन उलटे आदेश! एक पाळला की दुसरा मोडलाच. नवे अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी गोगावले यांना मान्यता दिली.

११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळातल्या आमदारांच्या गटाचा नव्हे. आमदारांनाच तो दिला तर ज्या पक्षाच्या चिन्हावर ते निवडून आले त्याच्याशी नाळच तुटते. म्हणून गोगावले यांना दिलेली ती मान्यता बेकायदा ठरली. पण मग खरा पक्ष कोणता? ते ठरवणं न्यायालयाने अध्यक्षांवरच सोपवलं. १० जानेवारी २०२४ रोजी नार्वेकर यांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना असा निकाल दिला, त्यामुळे गोगावले यांची नेमणूक पुन्हा वैध ठरली. दोन्ही बाजूंचे अपात्रतेचे अर्ज मात्र फेटाळले गेले. म्हणजे चाबूक दोन निघाले, लागला कोणालाच नाही. ठाकरे गट पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला.

आम्हाला स्वतःला वाटतं, सरकार टिकणार की पडणार अशा मतदानात व्हिप हवाच. नाहीतर निवडून आलेल्या आमदारांचा बाजार भरेल. पण एखाद्या साध्या विधेयकावरही आपल्या मतदारसंघाच्या हिताचं मत देता येत नसेल, तर आमदाराने अभ्यास तरी कशाला करायचा? व्हिपचा बडगा विश्वासदर्शक ठराव आणि पक्षाच्या मुख्य धोरणापुरता असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यातच सुचवलं होतं. खासदार मनीष तिवारी यांनी २०१० मध्ये याच धर्तीवर खासगी विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही.