डिस्क नसलेल्या संगणकाची वखार

भोपाळच्या करोंद मंडीत गव्हाची आवक चढली की पेढीवर पाय ठेवावयास जागा उरत नाही. अशा वेळी आज न लागणारी पोती वखारीत धाडून ओटा मोकळा करावयाचा, हे आपल्या सभासद बंधूंस सांगणे नलगे. संगणकही तेच करतो. चालू कामाचा माल तो रॅम नावाच्या ओट्यावर मांडतो, आणि ओटा भरत आला की बराच वेळ हात न लागलेला माल डिस्कवरील राखीव जागेत हलवितो. ह्या जागेस स्वॅप म्हणतात.

आमच्या पेढीवर लिनक्सचे चार संगणक आहेत. एकातही डिस्क नाही. चारही आतल्या खोलीतील सर्व्हरवरून तारेने चालू होतात. खर्च कमी, बिघाड कमी आणि हिशेब एके ठिकाणी, हा आमचा विचार चुकीचा नव्हता. वखारीची सोय मात्र राहून गेली. गेल्या वैशाखात शेतकरी चुकाऱ्यासाठी दारात उभे असता काट्यावरच्या संगणकाने पट्ट्यांचे कामच मध्ये बंद केले. आम्ही मुनीमजींवर रागावलो. मागाहून समजले की रॅम संपली आणि स्वॅप नसला म्हणजे लिनक्स जागा मिळविण्यासाठी एखादे चालू काम स्वतःच बंद पाडतो. दोष आमच्या काटकसरीचा होता.

मग वखार कोठे घ्यावी? पहिला विचार सर्व्हरचा. एन.एफ.एस. पद्धतीने तेथील एखादी फाइल वापरता येते, अथवा एन.बी.डी. पद्धतीने तेथील जागा आपल्याच डिस्कसारखी जोडता येते. परंतु येथे एक मोठी अडचण आहे. गाडी भरावयास हमालांना ओट्यावर थोडी मोकळी जागा लागतेच. ओटा काठोकाठ भरला तर गाडी भरत नाही, आणि गाडी गेल्याखेरीज ओटा रिकामा होत नाही! तारेवरून माल धाडावयाचा तर त्याची पाकिटे बांधावी लागतात, आणि त्यासाठीही रॅमच लागते. ह्या पेचात संगणक जागच्या जागी थिजत असे. २०१२ साली लिनक्सच्या ३.६ ह्या आवृत्तीत मेल गोर्मन प्रभृतींच्या कामामुळे एवढ्यासाठी थोडी रॅम राखून ठेवण्याची व्यवस्था आली, तेव्हा हा मार्ग भरवशाचा झाला.

तरीही गल्ली अरुंद ती अरुंदच. शंभर मेगाबिटच्या तारेतून सेकंदास फार तर बारा मेगाबाइट माल जातो, हजाराच्या तारेतून सव्वाशे; आणि तोही चौघांत वाटून. सर्व्हर बंद पडला तर अडकलेला माल परत मिळत नाही. प्रत्येक संगणकास निराळी जागा द्यावी; दोघांचा माल एकाच कोठीत पडला तर दोघेही बुडाले. शिवाय हा माल सहसा उघडाच जातो, यास्तव तार आपल्याच घरची असावी.

दुसरा मार्ग झेडरॅमचा. ह्यात माल बाहेर न धाडता दाबून, आवळून ओट्यावरच ठेवतात. नितीन गुप्ता यांनी रचलेली ही सोय २०१४ साली ३.१४ ह्या आवृत्तीत लिनक्सच्या मुख्य भागात आली. माल बहुधा निम्म्यात, कधी तिसऱ्या हिश्श्यात मावतो. आधीच आवळलेली छायाचित्रे मात्र आणखी आवळत नाहीत. न आवळता रॅमच्याच एका कोपऱ्यास स्वॅप म्हणणे ही निव्वळ फसवणूक होय. पेनड्राइव्ह लावण्याचा सल्लाही आम्हांस मिळाला; सततच्या लिहिण्याने तो झिजतो, म्हणून आम्ही तो मानला नाही.

आम्ही झेडरॅमला पहिला मान दिला आणि त्यामागे सर्व्हरवरची एन.बी.डी. वखार ठेवली. ह्यात एक उणीव आहे: जुना पडीक माल जवळ राहतो आणि नवा लांब जातो. काट्यावरच्या संगणकाची रॅमही चारावरून आठ जीबी केली. हे आधीच करावयास हवे होते. आता सायंकाळी दुकान वाढविण्यापूर्वी कोणत्या संगणकाचा किती माल वखारीत पडला आहे, हे मुनीमजी पाहून ठेवतात. त्यांची क्षमा मागावयाची राहिली होती, ती आम्ही दिवाळीस मागितली.