नॅनो म्हणजे किती? बाटली आणि पोत्याचा हिशेब



लागणी पाहायला आम्ही शिवारात येतो, तेव्हा बांधावर हमखास एक प्रश्न निघतो : "साहेब, युरियाचं पोतं घ्यायचं का नॅनोची बाटली?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर चुकले तर एकरी टनेज घसरते. म्हणून या अंकात थोडे रसायनशास्त्र मांडत आहोत. घाबरू नका, गणित शाळेतलेच आहे.

मीटरचे 100 कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपला केस सुमारे 80 हजार नॅनोमीटर जाड असतो. साधारण 1 ते 100 नॅनोमीटरच्या कणाला नॅनो कण म्हणतात. नाव नवे, पण वस्तू जुनी. दिव्याच्या काजळीत असे कण असतात. ट्रॅक्टरच्या टायरला काळा रंग आणि बळकटी देणारी काजळीही याच जातीची. कारखान्यातला कच्चा रस गढूळ दिसतो, त्यातही असेच अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. चुना, गंधकाचा धूर आणि उष्णता मिळाली की कण एकमेकांना धरतात, जड होऊन तळाला बसतात. त्याचाच पुढे प्रेसमड होतो.

लहानपणात ताकद कसली? 1 सेंटिमीटर लांब, रुंद, उंच असा गुळाचा खडा घ्या. त्याच्या सहाही बाजू मिळून 6 चौरस सेंटिमीटर भरतात. त्याचेच 1 नॅनोमीटरचे तुकडे केले, तर सगळ्या तुकड्यांच्या बाजू मिळून 6000 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ 60 गुंठे होतात! गूळ मात्र तेवढाच राहतो. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : कण बारीक केल्याने पृष्ठभाग वाढतो, वजन वाढत नाही.

आता बाटलीकडे वळू. 2021 साली नॅनो युरिया बाजारात आला, तेव्हा 500 मिलिलिटरची बाटली एका पोत्याचे काम करते असे सांगण्यात आले. त्या बाटलीत नत्र होते 4 टक्के, म्हणजे सुमारे 20 ग्रॅम. युरियाचे पोते 45 किलोचे, नत्र 46 टक्के, म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम. पोत्यातला बराच नत्र वाया जातो, हे खरे. समजा, त्यातला 30 टक्केच पिकाला लागला, तरी तो 6 किलोच्या वर होतो. बाटलीतला थेंबन् थेंब पानात मुरला तरी 20 ग्रॅमच. पुढे जास्त टक्क्यांच्या बाटल्या आल्या. 20 टक्के धरले तरी हिशेब 100 ग्रॅमच्या आसपासच थांबतो.

आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो, म्हणजे एकरी 160 किलो नत्राची शिफारस आहे. ही भूक बाटलीने कशी भागणार? लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात दोन वर्षे प्रयोग झाले. जमिनीतला नत्र कमी करून नॅनो युरिया फवारला, तर भात आणि गहू दोन्हींचे उत्पादन घटले. ऊस ही पिके नव्हेत, पण इशारा घेण्यासारखा आहे.

म्हणून आमचे सांगणे असे :

1. फवारणी करायची तर जोडखत म्हणून करा. जमिनीतली मात्रा त्यापायी कापू नका.

2. युरिया उघडा फेकू नका. मातीतल्या विकरामुळे त्याचा अमोनिया होतो आणि तो वायू हवेत उडून जातो. मातीआड केला की बराचसा मातीतच धरला जातो.

3. सगळा युरिया एकदम न देता हप्त्याने द्या. खत टाकून सरी तुडुंब भरू नका; नत्र पाण्याबरोबर मुळांखाली जातो.

4. तरीही मन मानत नसेल, तर चार सऱ्या वेगळ्या राखून बघा. तोडणीला त्यांचे वजन वेगळे करा.

आम्ही नव्या शोधाच्या विरोधात नाही. बारीक कणांवर काम चालू आहे, उद्या त्यातून चांगलेही निघेल. पण खरेदी करताना बाटलीवरचे टक्के वाचावेत, ग्रॅम काढावेत आणि मगच खिशात हात घालावा. हिशेब जमत नसेल, तर बाटली घेऊन शेतकी ऑफिसला या. आपण मिळून करू.

— शेतकी विभाग