लहरी ढवळणारी खोली

मायक्रोवेव्ह ओव्हनमधली काचेची थाळी फिरायची थांबली, की भात एका जागी वाफाळतो आणि दोन बोटांवर गारच राहतो. ओव्हनमधल्या लहरींची वारंवारता 2.45 गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे 12 सेंटिमीटर. धातूच्या भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात. कुठे त्यांची बेरीज होते, कुठे वजाबाकी. तापणारे ठिपके साधारण सहा-सहा सेंटिमीटरवर पडतात आणि मधली जागा थंड राहते. ओव्हन बनवणाऱ्यांनी यावर दोन उपाय काढले. एक तर अन्न फिरवायचे, नाहीतर धातूचा पंखा फिरवून लहरींची मांडणीच सारखी बदलती ठेवायची. यातला दुसरा उपाय उचलला, ओव्हनची खोली केली आणि भाताच्या जागी विमानातला रेडिओ किंवा गाडीतला कंट्रोलर ठेवला, की रिव्हर्बरेशन चेंबर तयार झाले.

मोजमाप करणारा माणूस सहसा गोंधळ दाराबाहेर ठेवायला बघतो. या खोलीत मात्र गोंधळ मुद्दाम वाढवतात, तो इतका की शेवटी त्याचेच नियम हाती लागतात. विद्युतचुंबकीय सुसंगतता, म्हणजे ईएमसीच्या चाचण्या आणि शिल्डिंगची मोजणी या दोन्ही कामांत या उलट्या वाटेने काय साधले आणि काय निसटले, त्याचा हा आढावा.

प्रश्न कोणता होता?

प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरणाला ईएमसीची प्रयोगशाळा दोन प्रश्न विचारते. तुझ्यातून बाहेर किती लहरी सांडतात? आणि बाहेरच्या लहरींचा मारा झाला तर तू बिघडतोस का? पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी मोटारींची अशी तपासणी होते ती अ‍ॅनेकोइक पद्धतीच्या चेंबरमध्ये. तिथे भिंतींवर आणि छतावर लहरी शोषणारे टोकदार सुळके बसवलेले असतात. लहर एका अँटेनातून निघते, उपकरणावर एकदाच पडते आणि पुढे विरते. हिशेब स्वच्छ राहतो.

अडचण दिशेची असते. उपकरणाचा कमकुवत कोपरा कोणता, हे आधी कुणाला माहीत नसते. एखाद्या फटीतून लहर आत शिरते ती ठरावीक कोनातून, ठरावीक ध्रुवीकरणातच. उपकरण चारी बाजूंनी फिरवून, अँटेना आडवी-उभी करून पाहिली, तरी तपासल्या जातात त्या मोजक्या दिशा. शिवाय विमानाच्या पोटात, जहाजाच्या इंजिनखोलीत किंवा गाडीच्या बॉनेटखाली लहर एका दिशेने येतच नाही. धातूच्या पोकळीत ती दहा ठिकाणांहून परतून येते.

नेपल्स ते बोल्डर

प्रतिध्वनीच्या खोलीत ध्वनी मोजणे ध्वनिशास्त्राला जुनेच. हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी 1895 नंतर एका व्याख्यानगृहात गाद्या आणून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजले आणि त्यातून त्या शास्त्राचा पाया पडला. रेडिओलहरींसाठी अशा खोलीची कल्पना 1968 मध्ये एच. ए. मेंडेस यांनी मांडली. 1970 च्या दशकात नेपल्सच्या नौकानयन विद्यापीठात पाओलो कोरोना आणि सहकाऱ्यांनी ती प्रत्यक्षात आणली; मायक्रोवेव्ह उपकरणातून एकूण किती शक्ती बाहेर पडते, हे मोजण्यासाठी. त्यांचा निबंध 1976 चा.

अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बोल्डर इथे, आज एनआयएसटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय मापन संस्थेत मायरन क्रॉफर्ड आणि गेलन कोपकी यांनी 1986 मध्ये अशा चेंबरची रचना, तपासणी आणि वापर यांवर सविस्तर अहवाल लिहिला. पुढे अनेकांनी त्याचा आधार घेतला. तिथलेच डेव्हिड हिल यांनी 1998 मध्ये त्यामागचे गणित सुबक केले : खोलीतल्या कोणत्याही बिंदूपाशी सर्व दिशांनी, सर्व ध्रुवीकरणांत सपाट लहरी येत आहेत आणि त्यांचे प्रमाण यदृच्छ आहे असे धरायचे, बाकी सगळे त्यातून निघते.

खोलीच्या आत

बोल्डरच्या चेंबरची मापे होती 2.74 × 3.05 × 4.57 मीटर. या धातूच्या खोलीत उभी राहू शकणारी पहिली लहर सुमारे 59 मेगाहर्ट्झची. त्याच्या खाली खोली मुकी. 200 मेगाहर्ट्झपर्यंत पोचताना तिच्यात सुमारे 88 वेगवेगळ्या मांडण्या, म्हणजे मोड, जमा होतात आणि 1 गिगाहर्ट्झपर्यंत सुमारे 11,800. वारंवारता दुप्पट केली की मोडची संख्या जवळजवळ आठपट होते. म्हणून चेंबर खालच्या वारंवारतेला लंगडे आणि वरच्या वारंवारतेला बलवान. या पहिल्या उभ्या लहरीच्या, म्हणजे पहिल्या अनुनादाच्या, तिप्पट वारंवारतेपासून, किंवा साठेक मोड जमल्यापासून त्यावर भरवसा ठेवावा, असा ढोबळ नियम आहे.

मोड भरपूर असले तरी ते स्थिर राहिले तर तापते-गार ठिपके तसेच राहतात. म्हणून दुमडलेल्या पत्र्यांचा मोठा स्टिरर फिरवतात. तो थोडा वळला, की खोलीची सीमा बदलते आणि ठिपके जागा सोडतात. काही प्रयोगशाळा तो टप्प्याटप्प्याने वळवून प्रत्येक जागी थांबून मोजतात, तर काही सलग फिरता ठेवतात. पूर्ण फेरीत प्रत्येक बिंदूला सरासरीने सारखाच मार बसतो.

एकाच बिंदूपाशी, एकाच क्षणी क्षेत्र किती आहे, हे इथे कुणी सांगत नाही. सांगता येते ते वाटप. अँटेनाला मिळणारी शक्ती घातांकी वाटपाने बदलते : वाचन सरासरीच्या दहाव्या हिश्शाहून कमी येण्याची शक्यता जवळजवळ दहात एक, आणि शंभराव्या हिश्शाहून कमी येण्याची शंभरात एक. शंभर स्वतंत्र स्थितींची सरासरी घेतली तर तिच्यातली अनिश्चितता सुमारे दहा टक्क्यांवर, म्हणजे अर्ध्या डेसिबलच्या आत येते.

दुसरा फायदा पैशांचा. भिंती लहर गिळत नाहीत, साठवतात. साठवण्याची क्षमता क्यू या अंकाने मोजतात. बोल्डरच्या मापाच्या खोलीत 1 गिगाहर्ट्झला क्यू 10,000 धरला आणि फक्त 10 वॅट सोडले, तर सरासरी क्षेत्र सव्वादोनशे व्होल्ट प्रति मीटरच्या आसपास जाते. तेच 10 वॅट मोकळ्यात, सर्व दिशांना सारखे पसरवणाऱ्या अँटेनातून सोडले, तर तीन मीटरवर सहा व्होल्ट प्रति मीटरही मिळत नाही. विमानाच्या उपकरणांना रडारच्या पातळीचा मारा करायचा असेल, तर प्रचंड अ‍ॅम्प्लिफायर विकत घेण्याऐवजी खोलीच कामाला लागते.

मानकांची मोहर

अभियंत्यांच्या जगात कल्पना रुजली असे केव्हा म्हणायचे? तिला मानकाचा क्रमांक मिळतो तेव्हा. 1999 च्या अमेरिकी लष्करी मानकाने, एमआयएल-एसटीडी-461 च्या ई आवृत्तीने, बाहेरच्या माऱ्याच्या चाचणीसाठी या चेंबरला पर्याय म्हणून जागा दिली. विमानातल्या उपकरणांच्या डीओ-160 मानकातही ते आले. आयईसी 61000-4-21 ची पहिली आवृत्ती 2003 मध्ये आली आणि दुसरी 2011 मध्ये. या मानकानुसार कामाच्या जागेच्या आठ कोपऱ्यांवर क्षेत्र मोजून पाहायचे. त्या वाचनांतले प्रमाणित विचलन 400 मेगाहर्ट्झच्या वर 3 डेसिबलच्या आत असले, तर चेंबर पास. मोटारींच्या सुट्या भागांसाठी आयएसओ 11452-11 आहे.

डबा किती घट्ट?

शिल्डिंगच्या मोजणीत या खोलीचे मोल सगळ्यात ठळक दिसते. धातूचा डबा बाहेरच्या लहरी किती अडवतो, हे डेसिबलमध्ये सांगतात : 20 डेसिबल म्हणजे शक्तीचा शंभरावा भाग आत, 60 डेसिबल म्हणजे दहा लाखावा. पत्रा स्वतः सहसा गुन्हेगार नसतो. लहर आत शिरते ती झाकणाच्या सांध्यातून, हवेच्या जाळीतून, दर्शक काचेतून आणि सर्वांत जास्त भिंत भेदून आत गेलेल्या तारेतून.

मोठ्या खोल्यांसाठी आयईईई 299 हे मानक आहे : भिंतीच्या दोन बाजूंना अँटेना ठेवायच्या, फरक मोजायचा. पण ते दोन मीटर किंवा अधिक मापाच्या बंदिस्त जागांसाठी. अर्ध्या मीटरच्या घनाकृती डब्यात नेहमीची अँटेना मावत नाही. मावली, तरी तिच्यापेक्षा डबाच जास्त बोलतो. अशा डब्याचा पहिला अनुनाद सुमारे 424 मेगाहर्ट्झला येतो आणि 3 गिगाहर्ट्झपर्यंत त्यात हजाराहून जास्त मोड साचतात. आकाराने छोटा, तरंगलांबीच्या हिशेबाने मोठा. आतला ठिपका गार लागला, तर दहात एकदा डबा 10 डेसिबलने जास्त चांगला ठरेल, आणि तापता लागला तर निष्कारण नापास. एका जागी घेतलेल्या वाचनावर डब्याची किंमत ठरवणे हा नशिबाचा खेळ.

एनआयएसटीचे क्रिस्टोफर हॉलोवे, हिल आणि इतरांनी 2008 मध्ये यावर मार्ग दाखवला. डबा मोठ्या चेंबरमध्ये ठेवायचा. बाहेर मोठा स्टिरर, आत डब्याचा स्वतःचा छोटा स्टिरर. तोही बसत नसेल, तर वारंवारता थोडी-थोडी हलवून ढवळल्याचे काम करून घ्यायचे. आत भिंतीला लावलेली इवलीशी अँटेना पुरते. दोन्हीकडच्या सरासरी शक्तींचे गुणोत्तर म्हणजे डब्याचे शिल्डिंग. 2013 च्या आयईईई 299.1 मानकाने 0.1 ते 2 मीटरच्या डब्यांची हीच उणीव भरून काढली.

यातून एक अस्वस्थ करणारी गोष्टही पुढे आली. डब्यातले क्षेत्र किती लहर आत शिरली यावर तर ठरतेच, पण शिरलेली लहर आत किती काळ टिकली यावरही ठरते. रिकाम्या डब्यात ती भिंतींवर आपटत राहते. त्याच डब्यात सर्किट बोर्ड, तारांचे जुडगे, प्लास्टिक भरले, की ती लवकर विरते आणि तोच डबा अचानक काही डेसिबलने सुधारतो. सांधा एका केसानेही बदललेला नसतो. म्हणजे शिल्डिंग हा डब्याचा एकट्याचा गुण नव्हे, डबा आणि त्यातले सामान या जोडीचा आहे.

कापड, कंपोझिट, लेप यांसारख्या पदार्थांसाठीही हाच धडा लागू पडतो. समाक्षी नळीत नमुना पकडून मोजणारी एएसटीएम डी4935 पद्धत 30 मेगाहर्ट्झ ते 1.5 गिगाहर्ट्झपर्यंत चालते आणि त्यात लहर नमुन्यावर एकाच रीतीने पडते. उलट एका चेंबरच्या पोटात दुसरे ठेवून मधल्या खिडकीवर नमुना ताणला, तर सगळ्या कोनांतून येणाऱ्या लहरींना तो कसा तोंड देतो ते कळते. मात्र आतल्या चेंबरचे आकारमान आणि त्यातला ऱ्हास हिशेबातून वजा करावे लागतात. केबल आणि कनेक्टरसाठी आयईसी 61726 आहे.

तंबू आणि फोन

नेदरलँड्समध्ये फ्रँक लेफरिंक यांनी स्टिररच काढून टाकला. वाहक कापडाचा तंबू उभारायचा आणि त्याच्या भिंती हलवत राहायच्या. भिंत हलली की मोड हलतात. हा तंबू घडी करून नेता येतो, म्हणून जागेवरून न हलणाऱ्या यंत्राभोवतीही लावता येतो. स्वीडनमध्ये पेर-सिमोन शिल्डाल यांनी हेच चेंबर मोबाइलच्या अँटेना तपासायला वापरले, कारण शहरात फोनला येणारा सिग्नल इमारतींवर आपटून, चहूकडूनच येतो.

जे हरवते

किंमत मोजावी लागतेच. चेंबर सांगते की उपकरण बिघडले. कोणत्या बाजूने आलेल्या लहरीने बिघडले, ते सांगत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला नेमके तेच हवे असते. उत्सर्जनाच्या चाचणीत एकूण शक्ती मिळते, पण कायद्यातल्या मर्यादा बहुधा ठरावीक अंतरावरच्या क्षेत्राच्या असतात. त्यांत रूपांतर करताना उपकरणाची दिशात्मकता अंदाजाने धरावी लागते. रडारसारखे तुटक-तुटक स्पंद सोडले, तर जास्त क्यूची खोली त्यांच्या कडा गोल करून टाकते. मग थोडे शोषक आत ठेवून क्षेत्रातला काही वाटा सोडावा लागतो. आणि खालच्या वारंवारतेला मोठी खोली बांधण्याखेरीज इलाज नाही. म्हणून अ‍ॅनेकोइक चेंबर जात नाही आणि जाऊही नये. बिघाड आहे का, हे ढवळणाऱ्या खोलीने सांगावे. कुठे आहे, हे शांत खोलीने.

खरेदीखात्यातल्या माणसाला या सगळ्यातून एवढेच उचलता आले तरी पुरे. डब्याच्या माहितीपत्रकावर 80 डेसिबल लिहिले असेल, तर विक्रेत्याला चार गोष्टी विचाराव्यात : कोणत्या वारंवारतेला? डबा रिकामा होता की भरलेला? तारा आत-बाहेर जोडलेल्या होत्या का? आणि हा आकडा एका जागचा आहे, की किती स्थितींच्या सरासरीचा? चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पहिल्या तिन्हींची उत्तरे कितीही चांगली असोत, तो आकडा कोटेशनमध्ये धरू नये.