उद्याची खबर नसलेली माणसं

इतिहासाच्या ग्रंथाला पुढं काय झालं ते पहिल्या पानापासून ठाऊक असतं. रोजनिशी लिहिणाऱ्याला संध्याकाळचंही ठाऊक नसतं. जुन्या शहरांविषयी वाचताना मला सर्वांत मोठा आनंद मिळतो तो या न ठाऊक असण्यात.

सॅम्युअल पीप्स हा लंडनच्या आरमार खात्यातला अधिकारी. १ जानेवारी १६६० पासून ३१ मे १६६९ पर्यंत त्यानं लघुलिपीत रोजनिशी लिहिली. २ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे तीनच्या सुमारास मोलकरणीनं त्याला उठवलं, शहरात आग दिसतेय म्हणून. त्यानं खिडकीतून पाहिलं, आग लांब वाटली आणि तो पुन्हा झोपला. त्याच आगीत लंडनचा गाभा जळून गेला. दोन दिवसांनी हाच माणूस बागेत खड्डा खणून दारू आणि परमेझान चीज पुरत होता. आदल्या वर्षी प्लेगची साथ आली, तेव्हा दारांवरच्या लाल फुल्या पाहून त्यानं तंबाखू विकत घेतली, हुंगली, चघळली. विकत घेतलेला केसांचा टोप घालायची त्याला भीती वाटे. साथीत मेलेल्यांचे केस त्यात असले तर? साथीच्या आकड्यांनी मला जे कळलं नव्हतं, ते या टोपानं कळलं. डोळे जाणार या धास्तीनं त्यानं रोजनिशी थांबवली. डोळे गेले नाहीत; तो १७०३ पर्यंत जगला. त्या धास्तीपायी आपण तीस-चौतीस वर्षांच्या लंडनला मुकलो, ही हळहळ मला अजून वाटते.

मराठीत या तोलाची शहरी रोजनिशी माझ्या वाचनात नाही. पण शहरवर्णनाचं आपलं दालन भरलेलं आहे आणि त्यात अग्रपूजेचा मान गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’चा. माडगावकर मूळचे गोव्याचे, पेशानं शिक्षक. त्यांचं पुस्तक निघालं १८६३ साली. हे साल लक्षात ठेवून ते वाचावं. अमेरिकेतल्या यादवीमुळं मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, कोटाच्या भिंती पाडल्या जात होत्या, आगगाडीला जेमतेम दहा वर्षं झाली होती आणि विहारचं पाणी नळानं शहरात येऊ लागलं होतं. बाजार, देवळं, नाना जातीजमाती, गाड्याघोडे, छापखाने, सगळं माडगावकर एका दमात सांगत जातात. शहर वाढतच राहणार, असा भरवसा त्या सगळ्या वर्णनाखाली आहे. दोनच वर्षांनी युद्ध संपलं, कापूस कोसळला, पेढ्या बुडाल्या. माडगावकरही १८६५ मध्येच वारले. चढत्या मुंबईची ती ऊब नंतरच्या कुठल्याही इतिहासकाराला पुन्हा आणता आलेली नाही, असं माझं ठाम मत आहे.

ना. वि. जोशी यांचं ‘पुणे शहराचे वर्णन’ (१८६८) आणि आचार्य-शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ (१८८९) ही दोन पुस्तकं शहराचा जुना नकाशा शेजारी पसरून वाचण्याची. पेशवाईतल्या संसाराचा खर्च पाहायचा असेल, तर ना. गो. चापेकरांचं ‘पेशवाईच्या सावलीत’ हाताशी हवंच.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ वेगळा पडतो. वरसईचे हे भटजी दक्षिणेच्या आशेनं १८५७ साली उत्तरेत निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. लिहिलं मात्र कितीतरी वर्षांनी, म्हणजे शेवट त्यांना माहीत होता. तरीही शहर कसं लुटलं गेलं, काय आधी गेलं आणि काय मागाहून, हे ते घरातल्या माणसाच्या नजरेनं सांगतात, आणि तेव्हाची घालमेल जशीच्या तशी वाचणाऱ्यापर्यंत पोचते.

आपल्या देशातली पीप्सच्या तोडीची रोजनिशी पाँडिचेरीची आहे. तिथला फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याचे दुभाषे आनंद रंग पिळ्ळै १७३६ पासून तमिळमध्ये ती लिहीत होते. इंग्रजी भाषांतराचे बारा खंड १९०४ ते १९२८ या काळात निघाले. कुठलं जहाज लागलं, कुणी किती नजराणा दिला, डुप्लेची बायको कारभारात कशी हात घालते, सगळं त्यात आहे. १६ जानेवारी १७६१ ला पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली. पिळ्ळै त्याच महिन्यात वारले. पाँडिचेरी पडली तेव्हा इकडं पानिपताच्या लढाईला दोन दिवस झाले होते. म्हणून त्या रोजनिशीचे शेवटचे खंड वाचताना नाना फडणविसांचं छोटंसं आत्मवृत्त जवळ ठेवावं. पानिपतावरून जीव वाचवून परतलेल्या त्या तरुणानं स्वतःच्या हातानं ते लिहिलं आहे.