आजीला ठाऊक असलेली ‘एन्डोगॅमी’

रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत आपली पोरे मराठी शाळेतून कॉलेजात जातात आणि इंग्रजी पुस्तकाच्या पहिल्याच पानावर अडतात. मग बाजारातून शब्दांची गाईडे येतात. रात्र जागून घोकायचे, परीक्षा संपली की विसरायचे. आमचेही तेच झाले होते.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात जातीवरचा निबंध वाचला. त्याचा कणा म्हणजे एक शब्द, ‘एन्डोगॅमी’. ग्रीक भाषेत ‘एन्डॉन’ म्हणजे आत, ‘गॅमोस’ म्हणजे लग्न. जातीतल्या जातीत लग्न! हे आपल्या आजीला कुणी शिकवावे लागले काय? ‘एक्सो’ म्हणजे बाहेर, ‘मोनो’ म्हणजे एक, ‘पॉली’ म्हणजे अनेक. एक शब्द फोडला की आणखी तीन हाती लागतात. (गाईडवाला हे सांगत नाही, त्याला पुढच्या वर्षीही गाईड विकायचे असते.)

‘टेनन्सी’चेही तसेच. अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत संप करून खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ज्यांच्या आजा-पणजाने खोताला खंड घातला, त्यांना ‘टेनन्सी’ परकी का वाटावी?

म्हणून आमचे सांगणे एवढेच. रविवारी विहारात तासभर बसा. त्या निबंधाचे एक पान घ्या. अडलेल्या शब्दाचा अर्थ आधी आपल्या बोलीत सांगून पाहा, मग कोश उघडा. पहिल्या रविवारी पान पुरे होणार नाही.