नकाशा कोणत्या तिथीचा?

कोकणातल्या जुन्या तांडेलाला भरतीची वेळ विचारा, तो घड्याळाआधी तिथी बघेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं, पण होडी अडत नाही. अंतराळातून खाड्यांचे नकाशे करणाऱ्यांनीही हे गणित पाठ करावं, असं माझं मत आहे.

वाशिष्ठीचंच बघू. चिपळूण तालुक्यात, तिवऱ्याच्या बाजूला सह्याद्रीतून ती उतरते, पुढे खेडकडून येणारी जगबुडी तिला मिळते आणि दाभोळला समुद्र लागतो. भरतीचं पाणी मुखापासून सुमारे 40 किलोमीटर आत, गोवळकोटपर्यंत चढतं. एवढ्या टापूत कड्याखालचं दाट रान, ऐन-किंजळाचं जंगल, देवराया, आंबा-काजूच्या बागा, कातळाचे सडे, खारजमिनी आणि कांदळवन. कोणती वनस्पती कोणाच्या सोबतीने वाढते ते ओळखायचं आणि प्रत्येक समूहाची हद्द आखायची, हे नकाशा करणाऱ्याचं काम.

हल्ली सुरुवात होते ती सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांच्या चित्रांपासून. त्यांत जमिनीचा 10 मीटरचा चौकोन म्हणजे एक ठिपका. हिरवं पान लाल उजेड शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकतं. या दोहोंतल्या फरकावरून संगणक झाडोरा ओळखतो. उन्हाचा कोन फार बदलू नये म्हणून हे उपग्रह कुठेही स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारासच डोक्यावरून जातात. मेख इथेच आहे. पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, साडेदहाला मुखाशी भरती टोकाला आलेली असते. त्या दिवसांतली मोठी सुकती पहाटे पाचच्या आसपास येऊन गेलेली असते. साडेदहाला पाणी ओसरलेलं सापडतं ते अष्टमीच्या आगेमागे, पण तेव्हा भांग असतो आणि पाणी फारसं मागे हटतच नाही. म्हणजे खाडीचा सगळा गाळ उघडा पडलेला या उपग्रहाला कधी दिसतच नाही. पक्षी जिथे चरतात, तिवराची नवी रोपं जिथे पाय रोवतात, तो चिखल नकाशात पाणी म्हणून निळा होतो.

सड्यांची कथा याच्या उलट. पावसाळ्यात कातळावर गेंद आणि सीतेची आसवं फुलतात, रत्नागिरीकडच्या सड्यांवर दीपकाडी येते. तेव्हा वर ढग असतात. आभाळ मोकळं होतं तोवर गवत वाळलेलं, आणि नकाशात उमटतो ओसाड खडक. एकदा कागदावर पडीक लागली की ती जमीन कोणालाही कशालाही द्यायला मोकळी, हे सांगायला नकोच. जंगलाचं गणित त्या मानाने सोपं. गुढीपाडव्याच्या सुमाराचं चित्र घ्यावं. ऐन-किंजळाची पानं झडलेली असतात, आंबा-काजू हिरवे असतात, आणि डिसेंबरात एकसारखे दिसणारे जंगल व बाग आपोआप वेगळे होतात.

कांदळवनात मात्र चिखलात उतरण्याला पर्याय नाही. वरून सगळा एकच हिरवा. खाली समुद्राच्या तोंडाशी चिपी, तिच्यामागे तिवर, कडेने टेकूसारखी मुळं सोडलेला कांदळ, आणि गोड पाणी वाढेल तशी मारांडीची काटेरी जाळी. तिवराच्या पानाला जीभ लावून पाहा, मिठाची कणी लागते. झाड नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. असं मापाचे चौकोन आखून झाडं मोजत गेलं की खारटपणाची चढउतार झाडांवरूनच वाचता येते.

पण दुसऱ्या खाडीत शिकलेला क्रम वाशिष्ठीला जसाच्या तसा लावू नये. कोयनेचं पाणी वीज करून झाल्यावर कोळकेवाडीमार्गे याच नदीत येतं. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला मुभा दिलेलं हे पाणी वर्षाला 67.5 टीएमसी आहे. वैशाखात इतर नद्या आटून त्यांच्या खाड्यांत खारं पाणी वर सरकतं, तेव्हा इथे घाटापलीकडचा पाऊस वाहत असतो.

सड्यांना झाकणाऱ्या ढगांवर रडार हा उपाय आहे. 30 जुलै 2025 ला सोडलेला इस्रो-नासाचा निसार उपग्रह ढगांतून आणि रात्रीही पाहू शकतो. पण बांधामागे काय झालं, ते रडार सांगणार नाही. खाडीकाठी बांध घालून, उघाडी बसवून खारं पाणी अडवायचं आणि आत भात काढायचं, ही जुनी रीत. माणसं मुंबईला गेली, बांध फुटला, उघाडी कुजली की पाण्याबरोबर तिवराच्या बिया आत येतात. काही वर्षांत नकाशात कांदळवन वाढलेलं दिसतं, त्याला कायद्याचं संरक्षणही मिळतं. घरी राहिलेला म्हातारा त्याच तुकड्याकडे बोट दाखवून शेत बुडालं म्हणतो. सातबाऱ्यावर तिथे अजून भात पिकतो आहे.